सरकारी शाळा कीं खासगी शाळा?

मुलाला सहावें वर्ष लागलें, कीं सुशिक्षित घरांत एक चर्चा ठरलेलीच असते. ह्याला कोणत्या शाळेंत घालावयाचें? फी किती, निकाल कसे, शाळा घरापासून किती दूर, शेजारच्यांनीं आपला मुलगा कोठें घातला, ह्या सर्व गोष्टींचा खल होतो; आणि शेवटीं प्रश्न बहुधा एकाच ठिकाणीं येऊन थांबतो: सरकारी शाळा बरी कीं खासगी बरी? हा प्रश्न आजच्या स्पर्धेच्या युगानें निर्माण केला आहे अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः महाराष्ट्रांत तो दीडशें वर्षांहून जुना आहे. पुणें शहरांत तर तो अशा तीव्र स्वरूपांत उभा राहिला होता, कीं त्याच्या उत्तरावर एका पिढीचें सारें आयुष्य घडलें. त्या जुन्या निवडीची हकीकत पाहिली, म्हणजे आजच्या निवडींत काय गुंतलेलें आहे हें अधिक स्पष्ट दिसूं लागतें.

१८४१ सालापासून आरंभ करूं या. त्या सालीं पुण्यांतील गोविंदराव फुले ह्या माळी गृहस्थानें आपला मुलगा जोतीराव ह्यास स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत घातलें. तत्पूर्वीं हा मुलगा कांहीं काळ मराठी शाळेंत शिकला होता. परंतु शिकून मुलगा शेतीच्या कामांतून जाईल, अशी भीति वडिलांच्या मनांत घालण्यांत आली आणि त्यांनीं त्याचें नांव शाळेंतून काढलें. पुढें शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट नांवाचे एक साहेब ह्यांनीं मुलाची बुद्धि ओळखली आणि वडिलांचें मन वळविलें. मुलगा पुन्हां शाळेंत गेला. आपण खासगी शाळा निवडली आहे असा विचार गोविंदरावांच्या मनांत आलाहि नसेल. त्या काळीं शिक्षणाविषयीं राज्यकर्त्यांची जबाबदारीच पुरती ठरलेली नव्हती. १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत स्थापन झालेली सरकारी पाठशाळा ही संस्कृत विद्येची व ब्राह्मण विद्यार्थ्यांची होती; माळ्याच्या मुलाला तिचा कांहीं उपयोग नव्हता. जी शाळा आपल्या मुलाला आंत घेईल तीच आपली, एवढाच त्या निवडीचा अर्थ होता.

सरकारी व खासगी असा स्पष्ट भेद पडला तो १८५४ नंतर. त्या वर्षीं विलायतेहून सर चार्लस वुड ह्यांचा प्रसिद्ध खलिता आला. प्रत्येक इलाख्यांत शिक्षणखातें असावें, विश्वविद्यालयें स्थापावीं, आणि जे खासगी लोक शाळा चालवितील त्यांना सरकारनें अनुदान द्यावें, असें धोरण त्यानें घालून दिलें. बंगाल्यांत ह्या अनुदानाच्या आधारानें खासगी शाळा पुष्कळ निघाल्या. मुंबई इलाख्यांत मात्र खात्याचा कल स्वतःच्या शाळा चालविण्याकडे अधिक राहिला. सरकारी हायस्कूल म्हणजे पक्की इमारत, शिकलेले शिक्षक आणि पुढें मॅट्रिक होऊन कचेरींत मिळणारी नोकरी, असें समीकरण मध्यमवर्गाच्या मनांत बसलें. ज्याला मुलाचें कल्याण हवें त्यानें सरकारी शाळेंत घालावें, ह्यांत शंका घेण्याचें कोणास कारणच वाटत नव्हतें.

परंतु सरकारी शाळा ही खरोखरच सर्वांची होती काय? ह्याचा निकाल एका मुलाच्या अर्जानें लागावयाचा होता. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाड येथील सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याला शाळेच्या दारांतून परत लाविलें होतें. सरकारनें न्यायाची बाजू मुलाकडे आहे हें ओळखलें. पण एका मुलाला घेतल्यास इतर सारे निघून जातील ह्या भयानें त्याची विनंति नाकारली. प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेलें, आणि १८५८ मध्यें मुंबई सरकारला जाहीर करावें लागलें, कीं ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार करतें त्या जातिभेद न पाहतां सर्वांस खुल्या राहतील. अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांवर मात्र तशी सक्ति केली नाहीं. जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारल्यास अनुदान बंद करण्याचा हक्क तेवढा सरकारनें राखून ठेविला. सरकारी व खासगी ह्यांतील एक मूलभूत फरक येथें प्रथम कागदावर उमटला. सरकारी शाळेच्या दारावर मनुष्याला हक्क सांगतां येतो. खासगी शाळेच्या दारावर विनंति करावी लागते. हक्क कागदावरून वर्गांत पोंचावयास पुढें अनेक वर्षें लागलीं, ही गोष्ट वेगळी.

ह्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं पुण्यांत दुसऱ्याच बाजूनें वारा वाहूं लागला. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे शिक्षणखात्यांतील नामांकित विद्वान्. सरकारी शिक्षणाचे सर्व लाभ ज्या घराण्यानें घेतले त्याच घराण्यांतील हा पुरुष १८७४ पासून ‘निबंधमाला’ लिहीत होता, आणि परकी सरकारच्या शाळेंत स्वत्व जागें होणें शक्य नाहीं अशा निश्चयाला आला होता. त्यांची रत्नागिरीस बदली झाली होती. १८७९ मध्यें त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे दोघे तरुण, सरकारी नोकरी न करतां शिक्षणाला वाहून घेण्याचे बेत करीत होते. तिघांचा विचार जुळला, आणि १८८० च्या जानेवारींत बुधवार पेठेंत मोरोबादादांच्या वाड्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. माधवराव नामजोशी व वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले. आगरकर एम्. ए. ची परीक्षा आटोपून पुढील वर्षीं रुजू झाले.

ह्या प्रसंगीं शिक्षकांच्या त्यागाचें वर्णन नेहमींच केलें जातें, आणि तें योग्यहि आहे. परंतु पालकांच्या धाडसाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. एका बाजूला सरकारचें हायस्कूल, त्याच्या मागें सरकारची तिजोरी व नोकरीचें आश्वासन. दुसऱ्या बाजूला जुना वाडा, तेविशी-चोविशींतले शिक्षक, आणि शाळा पुढील वर्षीं चालू राहील कीं नाहीं ह्याची शाश्वति नाहीं. पुण्यांत खासगी शाळा ह्यापूर्वीं निघाल्या नव्हत्या असें नाहीं. बाबा गोखले, वामनराव भावे ह्यांचे प्रयत्न लोकांना ठाऊक होते. तरीहि आपला एकुलता एक मुलगा ह्या नव्या मंडळींच्या हवालीं करणें ही साधी गोष्ट नव्हती. पण लोकांनीं ती केली. पहिल्याच वर्षीं शाळेची संख्या तीनशेंच्या वर गेली, आणि पांच वर्षांत ती हजाराच्या घरांत पोंचली. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतासाठीं ठेवलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या ह्या शाळेचे विद्यार्थी मिळवूं लागले, तेव्हां सरकारी हायस्कुलाबाहेर शिक्षण होतच नाहीं हा समज नाहींसा झाला.

विश्वासाची खरी कसोटी १८८२ सालीं लागली. मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आंतच निवर्तले. त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर ह्यांना शिक्षा झाली, आणि दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. ज्या शाळेचा संस्थापक वारला आणि दोन प्रमुख शिक्षक तुरुंगांत गेले, त्या शाळेंतून पालकांनीं मुलें काढून घेतलीं असतीं तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण शाळा ओस पडली नाहीं; उलट संख्या वाढतच गेली. लोकांना त्या शाळेंत फीचा मोबदला म्हणून मिळणाऱ्या विद्येपेक्षां अधिक कांहीं दिसत होतें. शाळेचे चालक आपल्या शब्दाला जागणारे आहेत, हें त्यांनीं पाहिलें होतें.

ह्या ठिकाणीं ‘खासगी’ ह्या शब्दाचा त्या काळचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. शिक्षण स्वस्त व सुलभ करणें हा ह्या शाळेचा उघड हेतु होता. सरकारी शाळेपेक्षां अधिक फी घेऊन अधिक चांगल्या लोकांचीं मुलें गोळा करावीं, असा विचार तिच्या जन्मांत नव्हता. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हां शाळा कोणा एकाच्या मालकीची न राहतां संस्थेची झाली. वीस वर्षें सेवा करण्याची प्रतिज्ञा करणारे आजीव सभासद हें तिचें भांडवल. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्यें ह्या मंडळींत आले. कॉलेजांत वर्षानुवर्षें शिकवूनहि त्यांचें वेतन महिना पंचाहत्तर रुपयांचें. १८८५ मध्यें जें कॉलेज निघालें त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांचें नांव दिलें, आणि संस्थेनें सरकारी अनुदानहि घेतलें. म्हणजे सरकारशीं वैर करणें हें खासगीपणाचें लक्षण नव्हतें. नफा कोणाचा नाहीं आणि जबाबदारी सर्वांची, हें त्याचें लक्षण होतें. ही रीत पाळणेंहि सोपें नव्हतें. सभासदांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं, ह्या व इतर प्रश्नांवरून मतभेद विकोपास गेले आणि १८९० मध्यें टिळकांनीं संस्था सोडली. ज्यांनीं शाळा काढली त्यांनाहि संस्थेच्या नियमापुढें उभें राहून जाब द्यावा लागला.

आतां ह्याच कथेची दुसरी बाजू. १८८२ मध्यें सर विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन नेमलें गेलें. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारनें विशेष लक्ष द्यावें, त्याची व्यवस्था नगरपालिका व लोकल बोर्डें ह्यांकडे सोंपवावी, आणि माध्यमिक व उच्च शिक्षणांतून सरकारनें हळूहळू अंग काढून घेऊन तें क्षेत्र खासगी प्रयत्नांस मोकळें करावें, असा त्याच्या शिफारशींचा रोंख होता. पुण्यांतील नव्या शाळेचें यश पाहून कमिशनच्या अध्यक्षांनीं तिची प्रशंसा केली. सुशिक्षित वर्गाला ह्यांत आपला विजय दिसला असल्यास नवल नाहीं.

परंतु त्याच कमिशनपुढें १८८२ च्या ऑक्टोबरांत एक निवेदन सादर झालें, आणि तें लिहिणारा गृहस्थ खासगी शाळेंतच शिकलेला होता. मिशनच्या शाळेंत गेलेला गोविंदरावांचा तोच मुलगा आतां पंचावन्न वर्षांचा महात्मा जोतीराव फुले झाला होता. १८४८ मध्यें पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढून आणि पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं शाळा चालवून खासगी प्रयत्न काय करूं शकतो हें त्यांनीं स्वतः दाखविलें होतें. म्हणूनच त्याची मर्यादाहि त्यांना इतरांहून अधिक ठाऊक होती. सरकारचा बहुतेक वसूल शेतकऱ्यांच्या कष्टांतून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, हें त्यांनीं कमिशनपुढें मांडलें. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करावे व त्यांना पुरेसा पगार द्यावा, अशी त्यांची मागणी होती. आणि सरकारनें शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल, शिवाय अनेक जाति व धर्म असलेल्या ह्या देशांत शिक्षणाची निःपक्षपाती वृत्ति धोक्यांत येईल, असा स्पष्ट इशारा त्यांनीं दिला.

एकाच शहरांत, एकाच वर्षीं, शिक्षणासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या माणसांकडून अशीं दोन भिन्न उत्तरें यावीं ह्यांत विसंगति नाहीं. ज्यांच्या घरीं अक्षरओळख पिढ्यान् पिढ्या होती त्यांना सरकारी शाळेंत स्वत्व हरवण्याची भीति वाटत होती. ज्यांच्या घरांत पाटी प्रथमच येत होती त्यांना शाळेचें दारच बंद होण्याची भीति वाटत होती. न्यू इंग्लिश स्कुलानें फी कमी ठेविली तरी तिचे विद्यार्थी बहुतांशीं शहरांतील पांढरपेशा घरांतून येत. गांवकुसाबाहेरचा मुलगा तेथवर पोंचत नव्हता. मुलींनाहि वाट पाहावी लागली. १८८४ मध्यें पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, जें पुढें हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालें. त्यांत न्यायमूर्ति रानडे प्रभृतींचा पुढाकार होता आणि सरकारचेंहि साहाय्य होतें. मुलींना काय शिकवावें ह्यावर टिळक व आगरकर ह्यांचीं मतें दोन टोकांचीं होतीं. खासगी संस्था कितीहि उदार असली, तरी ती चालविणाऱ्यांची दृष्टि जेथवर जाईल तेथवरच तिचा उजेड पडतो.

ह्या दोन उत्तरांचा मेळ पुढें ज्यानें घातला तो मनुष्य खासगी शाळेच्याच अंगणांत वाढलेला होता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं जवळजवळ वीस वर्षें डेक्कन एज्युकेशन सोसायटींत घालविलीं. खासगी संस्था काय करूं शकते आणि वर्गणी गोळा करतांना किती दारें झिजवावीं लागतात, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आणि त्याच गोखल्यांनीं मार्च १९११ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें विधेयक आणलें. मागणी फार मोठी नव्हती. ज्या भागांत शिक्षणाचा कांहीं प्रसार झाला आहे तेथें स्थानिक संस्थांना सक्ति करण्याची मुभा असावी, आरंभीं ती मुलांपुरतीच असावी, एवढेंच त्यांचें म्हणणें. मार्च १९१२ मध्यें अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं तें विधेयक फेटाळलें गेलें. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांबरोबर कांहीं देशी धनिकहि होते. ज्यांचीं स्वतःचीं मुलें चांगल्या शाळेंत होतीं, त्यांना इतरांच्या मुलांसाठीं घाई करण्याचें कारण दिसलें नाहीं.

जें कौन्सिलनें नाकारलें तें संस्थानिकांनीं करून दाखविलें. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्यें तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापूरचे शाहू महाराज ह्यांनीं १९१७ मध्यें सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेंत घेण्याचा हुकूम त्यांनीं दिला. ह्या हुकुमाचें महत्त्व समजावयास साताऱ्याच्या शाळेंतील एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. १९०० सालीं तेथील सरकारी शाळेंत भीमराव आंबेडकर ह्या मुलाचें नांव दाखल झालें. १८५८ च्या आदेशाप्रमाणें दार उघडें होतें. पण आंत त्याला इतर मुलांपासून वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे, आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्याला मनाई होती. शाळा सरकारी होती. सर्वांची झाली नव्हती. पुढें १९४५ मध्यें डॉ. आंबेडकर ह्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही स्वतःची शिक्षणसंस्था काढली, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीनें तयार केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचें कर्तव्य राज्यावर आलें. आपल्या लोकांसाठीं संस्था काढणें आणि सर्वांसाठीं राज्याला जबाबदार धरणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषानें केल्या.

तें कर्तव्य हक्काच्या रूपांत यावयास आणखी साठ वर्षें लागलीं. २००९ मध्यें शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षें वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार मिळाला, आणि विनाअनुदान खासगी शाळांनींहि प्रवेशाच्या वर्गांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं ठेवाव्या असें ठरलें. १८५८ मध्यें खासगी शाळेच्या दाराशीं येऊन थांबलेला हक्क दीडशें वर्षांनीं उंबरठ्याच्या आंत आला.

दरम्यान दोन्ही शब्दांचे अर्थ मात्र पालटले आहेत. १८८० मध्यें महत्त्वाकांक्षी बाप सरकारी शाळा सोडून स्वस्त खासगी शाळेकडे वळला. आज तो मोफत सरकारी शाळा सोडून महाग खासगी शाळेकडे वळतो. नगरपालिकेची वा जिल्हा परिषदेची शाळा ही आतां परकी सरकारची राहिलेली नाहीं. ती मतदारांची आहे. पण ज्या दिवशीं लिहितां-बोलतां येणारीं कुटुंबें ती सोडून जातात, त्या दिवशीं तेथील गळक्या छपराविषयीं अर्ज करणारे, शिक्षक कां आला नाहीं असें विचारणारे लोकहि निघून जातात. मागें राहतात तीं मुलें, आणि ज्यांचा शब्द कचेरींत ऐकला जात नाहीं असे त्यांचे आईबाप. हें नुकसान कोणत्याहि निकालपत्रकांत दिसत नाहीं.

ह्याचा अर्थ प्रत्येक पालकानें आपल्या मुलाचा बळी देऊन तत्त्व पाळावें असा नव्हे. गोविंदरावांनीं जी शाळा मिळाली तींत मुलाला घातलें, आणि त्या मुलानें साऱ्या समाजाचें शिक्षण मागितलें. पुण्याच्या पालकांनीं खासगी शाळा निवडली, आणि त्या शाळेच्या शिक्षकानें कौन्सिलांत सर्वांसाठीं सरकारी शाळा मागितल्या. निवड एका बाजूची आणि कर्तव्य दोन्ही बाजूंचें, असा ह्या इतिहासाचा क्रम आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशीं फी व निकाल ह्यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारणें अगत्याचें आहे. ह्या शाळेचे चालक कोणाला जाब देतात? आणि ह्या बांकावर आपल्या मुलाच्या शेजारीं कोणाचा मुलगा बसूं शकत नाहीं? शाळा सरकारी असो वा खासगी, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे निम्मी निवड झाली. उरलेली निम्मी आपल्या मुलाचें नांव घातल्यावर सुरू होते. कारण आपण न निवडलेल्या शाळेंतहि त्या दिवशीं कोणाचें तरी मूल पाटी घेऊन बसलेलें असतें.